टायटल ब्लॉक आणि टेम्प्लेट: ड्रॉइंगच्या कोपऱ्यातील चौकट नीट कशी लावावी

यंत्रावर काम करणाऱ्या माणसाच्या हातात ड्रॉइंगची शीट पडते, तेव्हा आकृतीकडे वळण्याआधी त्याने उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यातील चौकट वाचायची असते. हा भाग कोणता, त्याचा ड्रॉइंग नंबर काय, हातात आलेले रिव्हिजन, म्हणजे ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती, चालू आहे की मागे पडलेले, आणि हे ड्रॉइंग कोणी मंजूर केले, या प्रश्नांची उत्तरे तेथे चुकीची असतील, तर आकृती कितीही काटेकोर असली तरी माल चुकीचा निघतो. या चौकटीला टायटल ब्लॉक म्हणतात. तिच्यातील चुकांचे खापर सहसा ड्राफ्ट्समनवर फुटते. परंतु जेथे भागाचे नाव एकदा मॉडेलमध्ये, एकदा फाइलच्या नावात, एकदा टायटल ब्लॉकमध्ये आणि एकदा पार्ट लिस्टमध्ये हाताने टाइप करावे लागते, तेथे ही चार नावे आज ना उद्या एकमेकांपासून वेगळी होणारच. प्रत्येक माहिती नेमकी एकाच ठिकाणी लिहिली जावी आणि टायटल ब्लॉकने ती तेथून वाचून घ्यावी, अशी व्यवस्था ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये करता येते. ती कशी लावायची आणि कोठे अडायला होते, ते प्रामुख्याने ऑटोकॅडच्या, आणि काही अंशी सॉलिडवर्क्स व फ्रीकॅडच्या आधारे पाहू.

चौकटीत काय असावे

आयएसओ ७२०० या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २००४ सालच्या आवृत्तीने टायटल ब्लॉकसाठी आठ बाबी अनिवार्य ठरवल्या आहेत. ड्रॉइंगचा कायदेशीर मालक, ओळख क्रमांक, प्रसिद्धीची तारीख, शीट क्रमांक, शीर्षक, मंजुरी देणारी व्यक्ती, ड्रॉइंग तयार करणारी व्यक्ती आणि दस्तऐवजाचा प्रकार, अशा त्या आहेत. रिव्हिजनचा निर्देश या मानकात ऐच्छिक आहे, पण उत्पादनासाठी जाणाऱ्या ड्रॉइंगवर तो अनिवार्यच समजावा. स्केल, प्रोजेक्शनचे (भागाची दृश्ये कागदावर मांडण्याच्या पद्धतीचे) चिन्ह आणि सर्वसाधारण टॉलरन्स (मापात चालणारा फरक) यांना या यादीत स्थान नाही. ती माहिती शीटवर अन्यत्र देता येते. आपल्याकडील बहुतेक कारखान्यांत मात्र या तीन गोष्टी टायटल ब्लॉकमध्येच शोधल्या जातात, म्हणून त्या तेथे किंवा त्याला लागूनच ठेवणे मला योग्य वाटते. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ११६६५ हे टायटल ब्लॉकविषयीचे मानक आहे. ग्राहक यांपैकी कोणते मानक मागतो, हे आधी पाहून मगच चौकटीची आखणी करावी.

चौकटीच्या रुंदीमागे एक साधे गणित आहे. आयएसओ ५४५७ प्रमाणे शीटच्या डाव्या बाजूला २० मिलीमीटर आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना १० मिलीमीटर समास सोडायचा असतो. ए४ कागद उभा धरल्यास त्याची रुंदी २१० मिलीमीटर असते. त्यातून ३० वजा केले की १८० उरतात, आणि आयएसओ ७२०० मधील टायटल ब्लॉकची रुंदी नेमकी तेवढीच आहे. त्यामुळे ए४ पासून ए० पर्यंत सर्व आकारांच्या शीटवर तोच एक ब्लॉक, आकार न बदलता, बसतो. अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत १८५ बाय ६५ मिलीमीटरची चौकट शिकवली जाते. ती मोठ्या शीटवर ठीक दिसते, परंतु हे समास पाळले तर ए४ वर मावत नाही, आणि मग ए४ साठी वेगळा ब्लॉक सांभाळत बसावे लागते.

चौकटीत रकाने किती असावेत, याबाबत हात आखडता घ्यावा. जो रकाना दहापैकी नऊ ड्रॉइंगवर रिकामा राहतो, तो वाचणाऱ्याला रिकाम्या रकान्यांची सवय लावतो, आणि ती सवय झाली की मंजुरीचा रकाना रिकामा राहिला तरी कोणाच्या डोळ्यांत येत नाही.

माहितीची विभागणी आधी कागदावर

सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी प्रत्येक रकान्यासमोर एक प्रश्न लिहावा: ही माहिती कोण ठरवतो, आणि ती किती वेळा बदलते? कंपनीचे नाव, बोधचिन्ह, टॉलरन्सची टीप आणि प्रोजेक्शनचे चिन्ह सर्व ड्रॉइंगवर सारखेच राहते, म्हणून ते ब्लॉकमध्ये कायमचे कोरून ठेवावे. ग्राहकाचे नाव आणि प्रकल्पाचा क्रमांक एका प्रकल्पापुरता स्थिर असतो. भागाचे नाव, मटेरियल आणि ड्रॉइंग नंबर त्या त्या भागाचे असतात. तेव्हा ते भागाच्या मॉडेलसोबत किंवा फाइलच्या गुणधर्मांत राहावेत. शीट क्रमांक, एकूण शीट आणि स्केल या गोष्टी सॉफ्टवेअरला स्वतःलाच ठाऊक असतात, म्हणून त्या माणसाकडून टाइप करून घेण्यात काहीच अर्थ नाही.

तारखेचा रकाना मात्र या विभागणीत फसवा ठरतो. फाइल जतन केल्याची किंवा छापल्याची तारीख सॉफ्टवेअर आपोआप भरू शकते, आणि ती सोय पाहून अनेक जण तीच जोडणी तारखेच्या रकान्यात करतात. त्याचा परिणाम असा होतो की मार्चमध्ये मंजूर झालेले ड्रॉइंग ऑगस्टमध्ये पुन्हा छापले की त्यावर ऑगस्टची तारीख येते, आणि कोणते आधीचे व कोणते नंतरचे, हे कागदावरून कळेनासे होते. मंजुरीची तारीख मंजुरी देणाऱ्याने एकदा लिहावी आणि ती तशीच राहावी. छपाईची तारीख हवीच असेल, तर ती चौकटीबाहेर, समासात, बारीक अक्षरांत द्यावी.

प्रोजेक्शनचे चिन्हही जपून हाताळावे लागते. भारतात आणि युरोपात फर्स्ट अँगल पद्धत रूढ आहे, तर अमेरिकेत थर्ड अँगल. छेदलेल्या शंकूचे ते लहानसे चिन्ह टायटल ब्लॉकमध्ये नुसते चित्र म्हणून बसलेले असते. आकृतीची दृश्ये प्रत्यक्षात कोणत्या पद्धतीने मांडली जातात, हे सॉफ्टवेअरच्या वेगळ्याच सेटिंगवर ठरते. सॉलिडवर्क्समध्ये ते शीटच्या गुणधर्मांत असते. चिन्ह फर्स्ट अँगलचे आणि सेटिंग थर्ड अँगलचे राहिले, तर उजवीकडून दिसणारी बाजू डावीकडची समजली जाते, आणि असममित भागाचे एखादे छिद्र भलत्याच बाजूला पडते. म्हणून टेम्प्लेट, म्हणजे नवे ड्रॉइंग ज्यावरून सुरू करायचे ती तयार नमुना फाइल, बनवताना या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकत्र ठरवून टाकाव्यात.

काय प्रत होते आणि काय जोडलेले राहते

टेम्प्लेटबद्दलचे बहुतेक गैरसमज एकाच ठिकाणी उगम पावतात. टेम्प्लेटवरून नवे ड्रॉइंग सुरू केले की त्यातील सर्व काही नव्या फाइलमध्ये उतरते आणि त्या क्षणी दोघांचा संबंध संपतो. पेणच्या कारागिराने साचा बदलला म्हणून आधी घडवून झालेल्या मूर्ती बदलत नाहीत, तसेच हे आहे. टेम्प्लेटमध्ये आज नवा पत्ता टाकला, तर तो उद्यापासूनच्या ड्रॉइंगवर येईल. कालच्या ड्रॉइंगवर जुनाच राहील.

सॉलिडवर्क्समध्ये हा गोंधळ थोडा अधिक होतो, कारण तेथे दोन वेगळ्या फाइली असतात. ड्रॉइंग टेम्प्लेटमध्ये एकके, मापांची शैली, बाणांचे आकार, अक्षरांची उंची अशा सेटिंग राहतात, तर शीट फॉरमॅट नावाच्या दुसऱ्या फाइलमध्ये कागदाची चौकट आणि टायटल ब्लॉक राहतो. माप देताना बाण चुकीचा येत असेल, तर शीट फॉरमॅटमध्ये कितीही शोधले तरी उपाय सापडणार नाही. शीट फॉरमॅटचीही ड्रॉइंगमध्ये प्रतच होते. मूळ फाइल सुधारल्यानंतर जुन्या ड्रॉइंगमध्ये शीटच्या गुणधर्मांत जाऊन ती पुन्हा लोड करावी लागते.

याच्या उलट, काही गोष्टी ड्रॉइंगच्या आत कधी जातच नाहीत. ड्रॉइंग त्यांचे फक्त नाव लक्षात ठेवते. ऑटोकॅडमध्ये कोणत्या रंगाची रेषा किती जाडीने छापायची, हे सीटीबी नावाच्या बाहेरच्या फाइलमध्ये लिहिलेले असते. ड्रॉइंग बाहेर पाठवले आणि सीटीबी पाठवली नाही, तर समोरच्याच्या छपाईत जाड आणि बारीक रेषांचा फरकच नाहीसा होऊ शकतो. फॉण्टचेही असेच असते. ई-ट्रान्समिट या आदेशाने ड्रॉइंगसोबत या फाइलीही एकत्र बांधून देता येतात, आणि बाहेरच्या व्हेंडरकडे मूळ फाइल द्यायची वेळ आली तर तीच वाट धरावी.

काही कार्यालयांत कागदाची चौकट आणि बोधचिन्ह एक्सरेफ म्हणून, म्हणजे बाहेरच्या फाइलचा जिवंत संदर्भ म्हणून, जोडतात. मूळ फाइलमध्ये एकदा बदल केला की शेकडो शीटवर तो आपोआप दिसतो, हा त्याचा मोठा लाभ आहे. मात्र हाच जिवंतपणा मंजूर झालेल्या ड्रॉइंगलाही लागू होतो, आणि कोणी हात न लावता त्याचे रूप बदलते. माझे मत असे आहे की काम चालू असेपर्यंत जिवंत संदर्भ जरूर वापरावा, परंतु मंजुरीच्या वेळी तो बाइंड करून फाइलच्या आत घ्यावा आणि त्याच क्षणी पीडीएफ काढून ठेवावी. भरायचे रकाने एक्सरेफमधून भरता येत नाहीत, त्यामुळे ते वेगळ्या ब्लॉकमध्येच (ऑटोकॅडमध्ये एकत्र बांधून एका नावाने साठवलेल्या रेषा व मजकूर म्हणजे ब्लॉक) ठेवावे लागतात.

ऑटोकॅडमध्ये प्रत्यक्ष बांधणी

सुरुवात मेट्रिक टेम्प्लेटवरून, म्हणजे ‘अकॅडआयएसओ’ या नावाच्या फाइलवरून करावी. नुसत्या ‘अकॅड’ नावाच्या टेम्प्लेटमध्ये एकके इंचांत असतात, आणि त्यातून आलेला ब्लॉक मिलीमीटरच्या ड्रॉइंगमध्ये टाकला की तो २५.४ पट मोठा होऊन येऊ शकतो. टायटल ब्लॉक अवाढव्य किंवा ठिपक्याएवढा दिसला, तर सर्वांत आधी दोन्ही फाइलींमधील एकके तपासावीत.

टायटल ब्लॉक मॉडेल स्पेसमध्ये, म्हणजे भाग काढण्याच्या जागेत, काढू नये. भाग मॉडेल स्पेसमध्ये पूर्ण आकाराचा काढावा, आणि चौकट लेआउटमध्ये, म्हणजे पेपर स्पेसमध्ये, कागदाच्या खऱ्या मापाची ठेवावी. व्ह्यूपोर्टचे (लेआउटमधून भाग दाखवणाऱ्या खिडकीचे) स्केल १:२ असो वा १:१०, चौकट १८० मिलीमीटरच राहते. येथे एक बारीक बाब अनेकांना सतावते. लेआउटचा शून्य बिंदू कागदाच्या कोपऱ्यावर असतोच असे नाही. तो प्रिंटरच्या छापण्यायोग्य भागाच्या कोपऱ्यावर असतो. त्यामुळे प्रिंटर बदलला की चौकट काही मिलीमीटर सरकते. टेम्प्लेटमधील पेज सेटअप पीडीएफसाठीच्या फुल ब्लीड कागदावर लावला, तर समास शून्य होतात आणि दोन्ही बिंदू एकत्र येतात.

चौकटीची रेषा ०.७ मिलीमीटर जाडीची असावी. कागदाची चौकट आणि टायटल ब्लॉक हे दोन वेगळे ब्लॉक करावेत, आणि टायटल ब्लॉकचा आधारबिंदू त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर ठेवावा. मग शीट कोणत्याही आकाराची असली तरी तो चौकटीच्या कोपऱ्यात अचूक बसतो. रकान्यांची नावे २.५ मिलीमीटर उंचीच्या अक्षरांत, त्यांतील मजकूर ३.५ मध्ये आणि ड्रॉइंग नंबर ५ मध्ये घेतल्यास वाचन सोपे होते. या उंचींचा क्रम आयएसओ ३०९८ मधील आहे आणि त्यातील प्रत्येक उंची मागच्या उंचीच्या साधारण १.४ पट असते. ए सीरिजमधील कागदांच्या बाजूंतही तेच प्रमाण असल्यामुळे, ए३ ची शीट ए४ वर लहान करून छापली तर ३.५ ची अक्षरे बरोबर २.५ ची होतात आणि वाचता येतात.

बदलणारा मजकूर अॅट्रिब्यूट, म्हणजे ब्लॉकमधील भरायचा रकाना, म्हणून घालावा. प्रत्येक अॅट्रिब्यूटला एक टॅग, एक प्रॉम्प्ट आणि एक डीफॉल्ट मूल्य असते. प्रॉम्प्ट भरणाऱ्याला दिसतो, म्हणून तो नुसता ‘नंबर’ न ठेवता ‘ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन न लिहिता’ असा स्पष्ट ठेवावा. टॅग ही त्या रकान्याची कायमची ओळख असते. पुढे ब्लॉकमध्ये नवा रकाना वाढवला, तर जुन्या ड्रॉइंगमध्ये ब्लॉकची व्याख्या बदलून अॅटसिंक हा आदेश द्यावा लागतो. त्या वेळी ज्यांचे टॅग तेच आहेत, त्यांचा मजकूर टिकतो; ज्याचा टॅग बदलला, त्याचा मजकूर जातो. म्हणून टॅग एकदा ठरले की त्यांना पुन्हा हात लावू नये, अगदी स्पेलिंग चुकलेले असले तरीही.

अॅट्रिब्यूटच्या मूल्यात फील्ड, म्हणजे दुसरीकडून माहिती वाचून आपोआप भरणारा मजकूर, घातले की हाताने टाइप करण्याचे काम आणखी घटते. लहान कार्यालयासाठी डीडब्ल्यूजीप्रॉप्स या आदेशाने उघडणारे फाइलचे गुणधर्म पुरेसे आहेत: भागाचे नाव आणि मटेरियल तेथे एकदा लिहावे, आणि टायटल ब्लॉकमधील फील्ड ते वाचून घेईल. अनेक शीटचा प्रकल्प असेल, तर सर्व शीट एका संचात सांभाळणारा शीट सेट मॅनेजर वापरावा. ग्राहकाचे नाव शीट सेटच्या पातळीवर एकदा बदलले की सर्व शीटवर बदलते आणि शीटचे क्रमांकही तेथूनच येतात. स्केलचा रकाना व्ह्यूपोर्टशी फील्डने जोडता येतो. एका शीटवर निरनिराळ्या स्केलची दृश्ये असतील, तर मात्र तेथे ‘दर्शविल्याप्रमाणे’ असे लिहून प्रत्येक दृश्याखाली त्याचे स्वतःचे स्केल द्यावे. व्ह्यूपोर्ट लॉक करायला विसरू नये, कारण माउसच्या चाकाच्या एका फिरवण्याने स्केल बदलते आणि शीटवर ते चटकन लक्षात येत नाही.

सॉलिडवर्क्स आणि फ्रीकॅड

सॉलिडवर्क्समध्ये भागाचे नाव, मटेरियल आणि नंबर भागाच्या फाइलमध्ये कस्टम प्रॉपर्टी, म्हणजे आपण ठरवलेला गुणधर्म, म्हणून लिहिले जातात, आणि शीट फॉरमॅटमधील टीप त्या प्रॉपर्टीशी जोडली जाते. शीटवर दोन वेगळ्या भागांची दृश्ये असतील, तर माहिती कोणत्या भागाची वाचायची, हे शीटच्या गुणधर्मांत ठरवता येते; काही ठरवले नाही, तर पहिल्यांदा ठेवलेल्या दृश्यातील मॉडेलची माहिती येते. टायटल ब्लॉकमध्ये भलत्याच भागाचे नाव दिसण्याचे हे नेहमीचे कारण आहे. रिव्हिजनसाठी मात्र उत्तम सोय आहे: रिव्हिजन टेबलमध्ये नवी ओळ घातली की ड्रॉइंगची रिव्हिजन प्रॉपर्टी बदलते, आणि टायटल ब्लॉक तीच प्रॉपर्टी वाचत असेल तर कोपऱ्यातील रिव्हिजन मागे राहूच शकत नाही.

फ्रीकॅड हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याच्या टेकड्रॉ विभागातील टेम्प्लेट ही साधी एसव्हीजी, म्हणजे रेषांच्या चित्राची, फाइल असते. ती इंकस्केप या चित्र काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आखता येते, आणि जो मजकूर भरायचा आहे त्याला एसव्हीजीमध्येच ‘संपादनयोग्य’ अशी खूण करावी लागते. पानाचे माप मिलीमीटरमध्ये आणि आतील एकक बरोबर एक मिलीमीटरचे ठेवले नाही, तर चौकट एका मापाची आणि आकृती दुसऱ्याच मापाची दिसते. अडचण आली तर आधी तेच पाहावे.

देवनागरी अक्षरांसाठी

शॉप फ्लोअरवर मराठी वाचणारी माणसे असतील, तर भागाचे नाव आणि महत्त्वाच्या टिपा मराठीतही देणे उपयोगाचे आहे. ऑटोकॅडसोबत येणाऱ्या एसएचएक्स फॉण्टमध्ये देवनागरी अक्षरे नसतात, म्हणून त्या रकान्यांसाठी वेगळी टेक्स्ट स्टाइल करून तिला मंगल किंवा निर्मला यूआय यांसारखा युनिकोड ट्रूटाइप फॉण्ट द्यावा. कृतिदेव यांसारखे जुने, युनिकोड नसलेले फॉण्ट टाळावेत. तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की शीर्षकाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. ड्रॉइंग नंबर मात्र एकाच लिपीत, आणि स्टोअर व खरेदी विभागाच्या प्रणालीत जसा आहे तसाच ठेवावा, कारण शोध घेताना संगणक ‘१०२’ हा आकडा दोन लिप्यांत दोन वेगळे आकडे समजू शकतो.

टेम्प्लेट ठेवण्याची जागा आणि चाचणी

तयार टेम्प्लेट सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवू नये. पुढची आवृत्ती बसवली की तिचे फोल्डर वेगळे तयार होते आणि सगळे नकळत मूळ टेम्प्लेटवर काम करू लागतात. सर्वांना वाचता येईल पण एकदोघांनाच बदलता येईल अशा सामायिक फोल्डरमध्ये ते ठेवावे, आणि प्रत्येक संगणकाच्या सेटिंगमध्ये त्या फोल्डरचा मार्ग द्यावा. ऑटोकॅडमध्ये क्यून्यू या आदेशासाठीही त्याच टेम्प्लेटची नेमणूक करावी, म्हणजे ‘नवीन’ हे बटण दाबताच योग्य चौकट समोर येईल.

वापरात आणण्यापूर्वी टेम्प्लेटला त्रास देऊन पाहावे. आपल्याकडील सर्वांत लांब नावाचा भाग घेऊन ते नाव रकान्यात मावते का, दुसरी शीट वाढवल्यावर एकूण शीटचा आकडा बदलतो का, एखादी प्रॉपर्टी रिकामी ठेवल्यास रकान्यात काय दिसते, हे तपासावे. नंतर ‘कागदावर बसवा’ हा पर्याय बंद करून १:१ प्रमाणात छापावे आणि चौकटीवर पट्टी ठेवून १८० मिलीमीटर मोजावेत. शेवटी ती फाइल अशा संगणकावर उघडून पाहावी, ज्यावर आपले फॉण्ट आणि सीटीबी नाहीत.

राहता राहिला प्रश्न जुन्या ड्रॉइंगचा. नवे टेम्प्लेट तयार झाले की सर्व जुन्या फाइली एका दिवसात त्यात बदलून घ्याव्यात असे वाटते, पण मंजूर झालेल्या ड्रॉइंगचे रूप रिव्हिजन न वाढवता बदलणे म्हणजे एकाच नंबरच्या, एकाच रिव्हिजनच्या दोन वेगळ्या शीट बाजारात सोडणे होय. जुने ड्रॉइंग जेव्हा तांत्रिक कारणासाठी उघडेल आणि त्याचे रिव्हिजन वाढेल, तेव्हाच त्याला नवा टायटल ब्लॉक द्यावा, आणि रिव्हिजन टेबलमध्ये त्या बदलाचीही नोंद करावी.